अपेक्षित एक, प्रत्यक्ष सोळा

१४ जानेवारी १९६५ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये एक अध्यक्षीय भाषण झाले. व्यवसायजन्य आजारांचा अभ्यास करणारा विभाग सोसायटीत नुकताच सुरू झाला होता आणि त्याचे अध्यक्ष होते सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. परिसरातली एखादी गोष्ट आणि एखादा आजार सतत एकत्र आढळतात, तेव्हा त्या नुसत्या सोबतीने चालल्या आहेत की पहिलीमुळे दुसरी घडते आहे, हा भाषणाचा विषय. पुढे ते सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले तेव्हा जेमतेम सहा पाने भरली. त्या सहा पानांतले नऊ मुद्दे आज जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले जातात. आपल्याकडेही एमबीबीएसची मुले ‘हिलचे निकष’ म्हणून नऊ शब्द ओळीने पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. मूळ भाषण वाचणारे मात्र फार थोडे. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या भाषणाचा खरा जीव त्या नऊ शब्दांत नाहीच. मुद्दा मांडून झाल्यावर हिल बहुतेक वेळा थांबतात आणि त्याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवतात. पाठ्यपुस्तकांनी पहिली बाजू उचलली आणि दुसरी गाळली.

हिल डॉक्टर नव्हते. १८९७ साली जन्मलेल्या या माणसाला वैद्यक शिकायचे होते, पण पहिल्या महायुद्धातल्या नोकरीत क्षयाने गाठले आणि उमेदीची वर्षे अंथरुणावर गेली. तिथूनच त्यांनी टपालाने अभ्यास करून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि मग आकडेवारीच्या वाटेने वैद्यकात शिरले. ज्या क्षयाने त्यांचे डॉक्टर होणे हुकवले, त्याच क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन किती चालते हे तपासणाऱ्या १९४८ सालच्या प्रसिद्ध चाचणीची आखणी त्यांची होती. रुग्णाला हात लावायचा अधिकार नसलेला आणि तरीही आजारपण आतून ओळखणारा असा हा माणूस. त्यांच्या गद्यात एक संयम आहे तो इथून आला असावा असे मला वाटते.

भाषणाची सुरुवातच बघण्यासारखी आहे. तिथे हिल एक परिस्थिती समोर ठेवतात: दोन गोष्टींत संबंध दिसला आहे, तो स्पष्ट आहे, आणि तो निव्वळ योगायोगाने दिसला असेल असे मानायला जागा उरलेली नाही. आता पुढे काय? म्हणजे ज्या ठिकाणी आपले बहुतेक प्रबंध संपतात, पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली, टेबलात तारा काढला, निष्कर्ष लिहिला, त्या ठिकाणी हे भाषण सुरू होते. योगायोग वगळणे ही उंबरठ्याबाहेरची गोष्ट; घरात काय आहे ते अजून पाहायचे आहे. एका वाक्यात, आवाज न चढवता, ते श्रोत्यांना इतके पुढे आणून उभे करतात.

पहिला मुद्दा संबंधाच्या जोराचा. इथे त्यांना आठवतो एक सर्जन. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग फार दिसतो असे लिहून ठेवले. पॉट यांच्याकडे टेबल नव्हते, दर नव्हते, फक्त रुग्ण तपासणारे डोळे होते. हिल त्याला विसाव्या शतकातला आकडा जोडतात: डांबर किंवा खनिज तेलांशी संबंध न येणाऱ्या कामगारांच्या तुलनेत धुराडीवाल्यांचा या कर्करोगाने होणारा मृत्युदर सुमारे २०० पट होता. एवढा मोठा फरक सर्जनच्या नुसत्या नजरेलाही दिसतो. संबंध मोजण्याचे शास्त्र लागते ते याहून लहान फरकांसाठी.

मग येतो धूम्रपानाचा विषय आणि भाषणातला माझ्या मते सर्वांत सुंदर परिच्छेद. रिचर्ड डॉल आणि हिल यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू नोंदवायला घेतले होते. त्यातले फुप्फुसाच्या कर्करोगाचे आकडे हिल सांगतात. दर हजारी दर वर्षी मृत्यू: धूम्रपान न करणाऱ्यांत ०.०७, दिवसाला १ ते १४ सिगारेटी ओढणाऱ्यांत ०.५७, १५ ते २४ ओढणाऱ्यांत १.३९ आणि २५ किंवा जास्त ओढणाऱ्यांत २.२७. हेच आकडे दोन प्रकारे वाचता येतात. वजाबाकी केली तर सर्वांत जास्त ओढणाऱ्यांतही हजारात जेमतेम दोनच मृत्यू जास्त. भागाकार केला तर ८ पट, २० पट, ३२ पट. त्या काळी काही जण म्हणत की खरा अर्थ वजाबाकीत आहे, पटींचा बाऊ करू नका. हिल यांचे उत्तर इतके साधे आहे की त्याची खोली पटकन लक्षात येत नाही. तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे त्यावर ते अवलंबून आहे, असे ते म्हणतात. धूम्रपानाने किती जादा माणसे मरतील हे हवे असेल तर वजाबाकी करा. धूम्रपान हे कारण आहे का हे शोधायचे असेल तर भागाकार जास्त बोलका आहे. आणि लगेच पुढे दुसरी बाजू: पट मोठी आहे म्हणून ती व्यवहारात महत्त्वाची आहेच असे नाही, तो निराळा प्रश्न आहे.

मापाची निवड प्रश्नाने ठरते, हे इतक्या स्वच्छपणे सांगितलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही. आजही सर्जन रुग्णाच्या नातेवाइकांना सांगतात की अमुक पद्धतीने ऑपरेशन केले तर गुंतागुंतीचा धोका निम्मा होतो. शंभरात दोनाचा एक झाला तरी निम्मा, दहा हजारांत दोनाचा एक झाला तरी निम्माच. कारणाच्या शोधात असलेल्या संशोधकाला ते ‘निम्मा’ मोलाचे आहे. पण सही करण्यासाठी पेन हातात घेतलेल्या मुलाला, वडिलांच्या बाबतीत शंभरातला एक की दहा हजारांतला एक, हे कळणे गरजेचे आहे.

पटीच्या बाजूने हिल जो दाखला देतात तो जॉन स्नो यांचा. १८५४ सालचा लंडनमधला कॉलरा. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीचे घाण पाणी पिणाऱ्या दर दहा हजार घरांमागे ७१ मृत्यू, लँबेथ कंपनीचे मैला न मिसळलेले पाणी पिणाऱ्या घरांत ५. दहा हजारांत ७१ हा दर तसा कमीच, हे हिल आवर्जून सांगतात; डोळ्यांत भरते ती १४ ही पट.

या १४ वर मी जरा रेंगाळतो, कारण हाच आकडा हिल यांच्या स्वतःच्या जुन्या कामातही निघतो. ३० सप्टेंबर १९५० च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉल आणि हिल यांचा लंडनच्या २० रुग्णालयांतला अभ्यास छापून आला. फुप्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष आणि तो नसलेले तितकेच पुरुष रुग्ण. कर्करोग झालेल्यांत धूम्रपान करणारे ६४७, न करणारे २. दुसऱ्या गटात करणारे ६२२, न करणारे २७. टक्केवारी काढली तर ९९.७ आणि ९५.८. बघणारा म्हणेल, यात फरक तो काय? त्या काळच्या लंडनमध्ये जवळजवळ प्रत्येक पुरुष सिगारेट किंवा पाइप ओढत होता, त्यामुळे फरक कोपऱ्यातल्या त्या दोन लहान आकड्यांत दडून बसला आहे. टू बाय टू टेबलच्या तिरक्या चौकटींचा गुणाकार करून भागाकार केला, ६४७ गुणिले २७ भागिले ६२२ गुणिले २, की उत्तर येते १४. हाच तो ऑड्स रेशो. रुग्णालयात आधीच दाखल झालेल्यांकडून मागे वळून माहिती घेतली तर प्रत्यक्ष जोखीम काढता येत नाही. पण आजार दुर्मिळ असेल तर हा तिरका गुणाकार जोखमीच्या पटीच्या अगदी जवळ जातो, हे जेरोम कॉर्नफील्ड यांनी १९५१ साली दाखवून दिले. कर्करोग, जन्मजात व्यंगे अशा कितीतरी आजारांचा अभ्यास त्यामुळे हाताच्या टप्प्यात आला.

त्यात ‘आजार दुर्मिळ असेल तर’ ही अट आहे आणि शस्त्रक्रियेच्या संशोधनात ती सर्रास विसरली जाते. समजा एका पद्धतीत शंभरातल्या ४० जखमा चिघळल्या आणि दुसरीत २०. जोखीम दुप्पट. ऑड्स रेशो मात्र २.६७ येतो. लॉजिस्टिक रिग्रेशनचे सॉफ्टवेअर तोच आकडा हातात देते आणि लिहिणारा ‘धोका पावणेतीन पट’ असे लिहून मोकळा होतो. ऑपरेशननंतरचा ताप, वेदना, उलट्या या काही दुर्मिळ गोष्टी नव्हेत.

पुन्हा भाषणाकडे. हृदयरोहिणीत गुठळी होऊन होणारे मृत्यू धूम्रपान करणाऱ्यांत फार तर दुप्पट आहेत, असे हिल सांगतात, आणि इथे त्यांचा विचार किती सावध आहे ते दिसते. दुप्पट असेल तर धूम्रपानाच्या सोबतीने येणारी दुसरी एखादी गोष्ट, व्यायामाचा अभाव, आहार, त्यामागे असू शकेल अशी शंका घ्यायला जागा आहे. वीस-तीस पटीमागे दुसरे काही दडलेले असेल तर ते सिगारेटला इतके घट्ट चिकटलेले असले पाहिजे की सहज नजरेला पडावे. संबंधाचा जोर म्हणजे पुरावा असे ते म्हणत नाहीत. जोर जितका मोठा, तितकी पर्यायी स्पष्टीकरणे अडचणीत येतात, एवढेच.

सोबतीने येणारी गोष्ट केवढा घोटाळा करू शकते याचे सर्जरीतले उदाहरण हिल यांच्या भाषणानंतर एकवीस वर्षांनी आले. १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मूतखड्यांवरच्या उपचारांची तुलना छापली गेली. उघड्या शस्त्रक्रियेला ३५० पैकी २७३ रुग्णांत यश, म्हणजे ७८ टक्के. पाठीतून लहान छिद्र पाडून खडा काढण्याच्या पद्धतीला ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. नवी पद्धत सरस वाटते. आता खडे आकाराने वेगळे करा. दोन सेंटिमीटरहून लहान खड्यांत उघडी शस्त्रक्रिया ९३ टक्के यशस्वी, नवी पद्धत ८७. मोठ्या खड्यांत उघडी ७३, नवी ६९. दोन्ही गटांत जुनी पद्धत पुढे आणि एकत्र केली की मागे! अवघड, मोठे खडे उघड्या शस्त्रक्रियेकडे गेले होते आणि सोपे, लहान खडे नव्या पद्धतीकडे. कोणत्या रुग्णाला कोणते ऑपरेशन, हे सर्जनच्या अनुभवी नजरेने ठरवले होते आणि त्या नजरेचा हिशेब बेरजेत कुठेच नव्हता.

दुसरा मुद्दा सातत्याचा: वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या पद्धतींनी तेच पाहिले आहे का? मागे वळून केलेले २९ आणि पुढे पाहत केलेले ७ अभ्यास धूम्रपानाबद्दल एकच सांगतात, हे अमेरिकी सर्जन जनरलच्या समितीचे निरीक्षण हिल उद्धृत करतात. आणि मग नेहमीप्रमाणे दुसरी बाजू. काही वेळा पुनरावृत्ती शक्यच नसते, तरीही निष्कर्ष काढायला कचरू नये. याला त्यांनी दिलेला दाखला पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे.

साउथ वेल्समधला निकेल शुद्धीकरणाचा कारखाना. कामगार आणि निवृत्त मिळून साधारण एक हजार माणसे. १९२९ ते १९३८ या दहा वर्षांत त्यांतले १६ जण फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. देशाच्या सर्वसाधारण दराने जायला हवा होता एक. नाकाच्या पोकळ्यांच्या कर्करोगाने ११ गेले. अपेक्षित होता एकाचा अंश. इथपर्यंत कोणीही सांगेल. हिल पुढे जातात. शरीराच्या बाकी सगळ्या जागांच्या कर्करोगाचे मृत्यू ११, अपेक्षित १० ते ११. इतर सर्व कारणांचे मृत्यू ६७, अपेक्षित ७२. हे दोन कंटाळवाणे आकडे मला त्या सोळांहून जास्त मौल्यवान वाटतात. ही माणसे एरवी देशातल्या कोणत्याही माणसांसारखीच जगत आणि मरत होती. गरिबी, दारू, खाणे, हवा, काहीही वेगळे असते तर ते या आकड्यांत उमटले असते. फक्त नाक आणि फुप्फुस, श्वास जातो ती वाट, तेवढीच बिघडली होती. आणि जादा मृत्यू सगळे रासायनिक प्रक्रियेवर काम करणाऱ्यांत.

कहाणी इथे संपत नाही. डॉल यांनी १९४८ ते १९५६ चे आकडे काढले: फुप्फुसाचे ४८ मृत्यू, अपेक्षित १०, नाकाचे १३, अपेक्षित ०.१. पण १९२३ साली, धोक्याची कोणाला कल्पनाही नसताना, कारखान्यात काही बदल झाले होते. त्या वर्षानंतर कामावर लागलेल्या एकाही माणसाला नाकाचा कर्करोग झाला नाही आणि त्यांच्यात फुप्फुसाचाही जादा आढळला नाही. एकच कारखाना, एक हजार माणसे, पुनरावृत्ती नाही. तरी शंका कुठे घेणार? यात एकही सांख्यिकी चाचणी नाही, एकही समीकरण नाही. अपेक्षित आणि प्रत्यक्ष असे दोन रकाने आहेत, आणि काय शेजारी मांडायचे याची जाण आहे.

पुढचे मुद्दे हिल लवकर उरकतात. काळाचा क्रम: आहाराने आजार होतो की आजाराच्या सुरुवातीमुळे आहार बदलतो? एखाद्या धंद्यात क्षय जास्त आहे, तर धंदा क्षय देतो की कमजोर माणसेच तो धंदा धरतात? मात्रेनुसार वाढ, म्हणजे जितके जास्त तितके वाईट. सिगारेटच्या आकड्यांत ती आपण पाहिलीच. जीवशास्त्राच्या दृष्टीने पटण्यासारखे असणे हा मुद्दा ते मांडतात आणि त्यावर फार विसंबू नका असे स्वतःच सांगतात, कारण काय पटेल हे त्या काळी काय ठाऊक आहे त्यावर ठरते. सादृश्याचा मुद्दा, म्हणजे असेच काही पूर्वी घडलेले असेल तर थोड्या पुराव्यावरही विश्वास ठेवणे, मला कच्चा वाटतो. गरोदर बायकांना मळमळीवर दिलेले थॅलिडोमाइड हे औषध आणि गरोदरपणात झालेला रुबेला यांमुळे बाळे व्यंग घेऊन जन्मल्याचा अनुभव ताजा होता म्हणून तो तिथे आला असावा. एरवी कल्पक माणसाला कशाचेही सादृश्य कशाशीही सापडते.

विशिष्टता, म्हणजे एका कारणाने एकच आजार, या मुद्द्यावर मात्र थांबायला हवे, कारण आपल्या मुंबईचे एक काम इथे आठवते. टीकाकार म्हणत होते की तंबाखू जर इतक्या आजारांशी जोडली जात असेल तर ती कशाचेच कारण नसावी. हिल यांचे उत्तर असे की इतर मृत्यू १०, २०, फार तर ५० टक्क्यांनी वाढले असतील आणि फुप्फुसाचा कर्करोग ९०० ते १००० टक्क्यांनी, तर विशिष्टता त्या प्रमाणातच आहे. शिवाय एकच दूध घटसर्पापासून टायफॉइडपर्यंत किती आजार पसरवत होते, हेही ते लक्षात आणून देतात. याच्या दहा वर्षे आधी, १९५५ मध्ये, संघवी, राव आणि वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतल्या रुग्णांवरचा अभ्यास त्याच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला होता. तंबाखू चघळणे आणि ओढणे या दोन सवयी त्यांनी वेगळ्या काढल्या आणि तोंडापासून अन्ननलिकेपर्यंत कर्करोगाच्या जागांशी त्यांचा संबंध तपासला. लंडनमध्ये धूर फुप्फुसात जात होता. इथे तंबाखू गालात धरली जात होती. पदार्थ एक, वाट वेगळी, आजाराची जागा वेगळी. हिल यांच्या मुद्द्याला याहून बोलका आधार मिळणे कठीण.

सार्थतेच्या, म्हणजे पी व्हॅल्यू काढून योगायोग वगळणाऱ्या चाचण्यांबद्दल हिल अखेरीस बोलतात तेव्हा स्वर थोडा कठोर होतो. ज्या माणसाने १९३७ साली डॉक्टरांसाठी सांख्यिकीचे पुस्तक लिहिले, तोच सांगतो की दोन महायुद्धांच्या मधल्या काळात योगायोगाची जाणीव करून देणे गरजेचे होते, पण आता ते अती झाले आहे. फरक इतका ढळढळीत आहे की चाचणी करायची गरज नाही, किंवा इतका क्षुल्लक आहे की सिद्ध होऊनही उपयोग नाही, अशा ठिकाणीही चाचणी मागितली जाते. कारण आणि परिणाम यांचा निवाडा कोणतीही चाचणी करू शकत नाही, हे ते निःसंदिग्धपणे सांगतात. म्हणूनच आपल्या नऊ मुद्द्यांनाही ते नियम म्हणत नाहीत, बघण्याच्या बाजू म्हणतात. एकही पुरेसा नाही आणि एकही अपरिहार्य नाही असे बजावतात.

शेवटचा भाग कृतीबद्दल आहे आणि तिथे ते श्रोत्यांना संशोधनाच्या बाहेर नेतात. पुरावा किती लागेल हे काय करायचे आहे त्यावर ठरावे. गरोदर बाईला सकाळच्या मळमळीवर दिले जाणारे औषध थांबवायचे असेल तर थोडका पुरावाही पुरे. चूक झाली तरी नुकसान औषध कंपनीचे आणि तेही सोसण्याजोगे. कामगारांच्या हातातले संशयित तेल बदलायला त्याहून बऱ्यापैकी पुरावा हवा. आणि लोकांना त्यांच्या आवडीच्या सिगारेटी, तूप-साखर सोडायला लावायची असेल तर फार बळकट पुरावा हवा. हजारो कुटुंबांना थॅलिडोमाइडने दिलेले दुःख तेव्हा ताजे होते. मळमळीच्या औषधाचे ते वाक्य कशाला उद्देशून आहे हे सभागृहात सर्वांना समजले असणार. मग ते म्हणतात की शास्त्रीय काम नेहमीच अपुरे असते, उद्या बदलू शकते, पण त्यामुळे आज हाती असलेल्या ज्ञानाकडे दुर्लक्ष करण्याची किंवा त्याने मागितलेली कृती पुढे ढकलण्याची मोकळीक मिळत नाही.

हे बोलणाऱ्या माणसाने १९५० साली १४ पटीचे टेबल छापले होते, आणि ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या त्या भाषणाच्या वर्षी, १ ऑगस्ट १९६५ ला. मुंबईचा अभ्यास १९५५ चा. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ मध्ये.